बाळ केवढं झालं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अटलांटाच्या ज्या भागात मी फार्मसिस्ट म्हणून काम करते, तिथे संध्याकाळी पाच-सहाला मोठी रांग लागते. त्या दिवशी रांगेत पंचविशीची एक कृष्णवर्णीय मुलगी होती. एका हातात डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली, दुसऱ्या हाताच्या कोपराला बाळाची कार सीट अडकवलेली. चेहरा जरा सुजलेला होता. जागरणामुळे असेल असं मला वाटलं आणि बाटली स्कॅन करायला मी हात पुढे केला.

तिच्या मागे सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाळ केवढं झालं?"

"सहा दिवसांचं."

"आणि डोकं कधीपासून दुखतंय?"

"परवापासून. दवाखान्यात फोन केला होता मी. म्हणाले, झोप कमी होत असेल, पाणी पी."

बाईंनी तिच्या हातातली बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि तिला कोपऱ्यातल्या बीपीच्या मशीनपाशी नेऊन बसवलं. 172 वर 114. अँब्युलन्स येईपर्यंत बाळ माझ्याकडे होतं. ती माणसं आत आली तेव्हा बाईंनी सगळ्यात आधी सांगितलं, "ही सहा दिवसांची बाळंतीण आहे." मग बाकीचं.

मुलगी वाचली. बाळंतपणानंतरचा प्रीएक्लॅम्प्सिया होता, म्हणजे बीपी जिवावर बेतेल इतकं वाढवणारा आजार. बीपीची औषधं मी रोज मोजून देते, त्यांचे दुष्परिणाम मला पाठ आहेत, आणि तरी मला तो साधा प्रश्न सुचला नाही. ही बोच अजून गेलेली नाही.

त्या बाईंना त्यांच्या चर्चमध्ये सगळे 'मदर' म्हणतात. तिथल्या ज्येष्ठ, मानाच्या बायकांना तसंच म्हणायची रीत आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये वर्ग घेतात. गरोदर मुली असतातच, पण त्यांचा आग्रह असतो की नवऱ्याने, आईने, बहिणीने, जो कोणी घरात असेल त्याने यावं. तेव्हापासून मीही जाते.

आकडे सांगते, कारण आपल्या मराठी मंडळात हा विषय निघाला की "एवढं काही नसेल" असं ऐकू येतं. 2023 मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 14.5 गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय माता 50.3. गोऱ्या बायकांचा आकडा आदल्या वर्षापेक्षा खाली आला, यांचा आला नाही. बाळांचंही तेच. 2022 मध्ये हजारामागे गोरी साडेचार, कृष्णवर्णीय जवळपास अकरा. आणि जे राज्यांच्या समित्यांनी एकेक मृत्यू तपासून सांगितलंय ते मला सगळ्यात जास्त टोचतं: यातले 80 टक्क्यांहून जास्त मातामृत्यू टाळता आले असते. निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतर सातव्या दिवसापासून वर्षभराच्या काळात होतात. म्हणजे दवाखान्यातून फुगे-फुलं घेऊन घरी आल्यावर.

आपल्याकडे ओल्या बाळंतिणीवर सव्वा महिना कोणाची ना कोणाची नजर असते. त्या चालीरीतींत जाच आहे हे मला मान्य आहे, पण नजर असते. इथे बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशपातळीवरचा कायदाच नाही. वर्गात येणाऱ्या कितीतरी मुली तिसऱ्या आठवड्यात कामावर परततात.

आता माझं मत. मंडळातल्या एका ताईंनी मला समजावलं होतं, "अगं, त्यांच्यात शिक्षण कमी, खाण्यापिण्याकडे लक्ष नाही, म्हणून शिकवावं लागतं." हे खोटं आहे. पदवीधर कृष्णवर्णीय बाईला गरोदरपणात आणि नंतर असलेला मृत्यूचा धोका हायस्कूलही न संपवलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त आहे. शॅलन अर्व्हिंग ही कृष्णवर्णीय बाई इथेच, अटलांटात, सीडीसीमध्ये (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत) शास्त्रज्ञ होत्या. पीएचडी झालेल्या. समाजातली विषमता शरीराला कशी आजारी पाडते हाच त्यांच्या कामाचा विषय. जानेवारी 2017 मध्ये मुलीला जन्म दिल्यावर तीन आठवड्यांनी, वयाच्या 36 व्या वर्षी, वाढलेल्या बीपीच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. त्या आठवड्यांत त्या पुन्हापुन्हा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. त्यांना आणखी काय शिकवायचं होतं? त्याच वर्षी टेनिसपटू सेरेना विल्यम्सला मुलगी झाली. आपल्याला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे हे तिला ठाऊक होतं, सीटी स्कॅन करा असं तिने स्वतः सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे ती गोंधळली आहे. शेवटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत गुठळ्या दिसल्याच.

म्हणून मदरच्या वर्गात 'नीट खा, वेळेवर या' यावर पाच मिनिटंसुद्धा जात नाहीत. सगळा वेळ जातो तो सरावावर. बीपी स्वतः मोजायचं. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 दिसला की थांबायचं नाही, थेट इमर्जन्सी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, उजव्या बरगडीखाली दुखणं, श्वास लागणं, एकाच पायाला सूज, तासाभरात पॅड भिजणं. आणि कुठेही गेलात तरी पहिलं वाक्य: "माझं वर्षभरात बाळंतपण झालंय." हे वाक्य मदर नवऱ्यांकडूनही मोठ्याने म्हणवून घेतात, दोनदा, तीनदा. एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर पहिल्यांदा अगदी पुटपुटला. मदर म्हणाल्या, "इतक्या हळू बोललास तर कोण ऐकेल तिचं?"

बाळाला पाठीवर झोपवा, हे 1994 पासून देशभर सांगितलं जातंय आणि त्याने झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तरी आज्या म्हणतात, आमची सगळी पालथीच झोपली, काय झालं? (माझी आई हेच म्हणाली होती.) डॉक्टरने सांगून हे पटत नाही. बरोबरीच्या आजीने सांगितलं तर पटतं.

ही ताकद इथे आजची नाही. याच जॉर्जिया राज्यात, ऑल्बनी गावात, मेरी कोली नावाची सुईण होती. तिच्या हातून तीन हजारांवर बाळंतपणं झाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याच्या आरोग्य खात्याने तिच्यावर प्रशिक्षणाचा चित्रपट काढला, इतर सुइणींना दाखवायला. पुढे त्या सुइणींचे परवाने संपवले गेले. आता राज्याच्या 159 काउंटींपैकी (म्हणजे जिल्ह्यांपैकी) जवळपास निम्म्यांत प्रसूतितज्ज्ञच नाही.

मला हे सगळं ओळखीचं वाटतं ते गडचिरोलीमुळे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. 39 गावांत तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथेही आधी 'आदिवासींना कळत नाही' हेच ऐकवलं जायचं.

आपल्याशी, म्हणजे इथल्या मराठी लोकांशी, याचा संबंध काय? 2023 मध्ये आशियाई मातांचा आकडा 10.7 होता, सगळ्यांत कमी. पण पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आपण खूप आहोत. डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, फोनवर सल्ला देणारे. 2016 च्या व्हर्जिनियातल्या एका अभ्यासात निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दल किमान एक तरी खोटी गोष्ट खरी वाटत होती, त्यांची कातडी जाड असते, वगैरे. अभ्यास गोऱ्यांचा होता, पण आपल्या घरांतलं बोलणं मी ऐकलेलं आहे. मग आधी वर्गात कोणी बसायला हवं? मी बसले. मागच्या रांगेत, सहा महिने, काही न बोलता. तुम्हीही या. भाषण देऊ नका.

अटलांटातल्यांनी मेसेज करा, पत्ता देते. आणि कोणाच्या घरी बीपीचं मशीन पडून असेल तर आणा. मोठ्या मापाचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) असेल तर फारच बरं, आमच्याकडे दोनच आहेत, आणि लहान कफने मोजलं की आकडा चुकतो.