‘कायम मॅन्युअल, कायम आयएसओ १००’ हा सल्ला नवशिक्यांना देऊ नका

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘खरा फोटोग्राफर पहिल्या दिवसापासून मॅन्युअलवरच फोटो काढतो. आयएसओ कायम १००, अ‍ॅपर्चर सगळ्यात मोठं, शटर १/१२५. बाकीचं रॉ फाइल सांभाळून घेते.’ (मॅन्युअल म्हणजे हे तिन्ही आकडे आपणच ठरवणं: आयएसओ म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेरा किती उजळून दाखवतो तो आकडा, अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं लेन्समधलं भोक, ज्याचा आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि शटर म्हणजे प्रकाश किती सेकंद आत येतो ते. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.) माझ्या भाचीने नव्या कॅमेऱ्यावर, सोबत आलेल्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सने, हे सगळं तंतोतंत पाळलं. घरच्या मंगळागौरीचे फोटो काळेकुट्ट आले. मग फोन: ‘मावशी, माझ्या कॅमेऱ्यात बिघाड आहे का गं?’ कॅमेरा ठणठणीत आहे. सल्लाच चुकीचा आहे.

सगळ्यात घातक मुद्दा आयएसओचा. ही लेन्स झूम करून ५५ला नेली की अ‍ॅपर्चर ५.६पेक्षा मोठं होतच नाही. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, ५.६ आणि आयएसओ १०० ठेवून नीट फोटो हवा, तर शटर साधारण अर्धा सेकंद उघडं राहायला हवं. १/१२५ला त्याच्या साठाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश आत येतो. फोटो काळा येणार नाही तर काय? आणि अर्धा सेकंद शटर ठेवलं, तर झिम्मा खेळणाऱ्या बायका नुसत्या पुसट रेघा दिसतील. आयएसओ ३२०० केला असता तर १/६० मिळालं असतं. झिम्म्याला तेही कमीच, पण पूजेचे, गप्पांचे फोटो तरी हाती लागले असते.

‘पण आयएसओ वाढवला की दाणे येतात’ असं लोक म्हणतात. दाणे मुख्यतः येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एमिल मार्टिनेक यांनी २००८ साली डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांमधल्या नॉइजवर, म्हणजे याच दाण्यांवर, सविस्तर लेख लिहिला. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ वाढवला तर नॉइज वाढत नाही, उलट बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सावल्यांमध्ये कमी होतो, हे त्यात नीट दाखवलेलं आहे. म्हणजे १००वर काळा फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळण्यात फायदा काहीच नाही, झालं तर नुकसानच. तरी हा १००चा हट्ट वर्षानुवर्षं नव्या मुलांच्या माथी मारला जातोय, याची मला खरंच चीड येते.

आता मॅन्युअलबद्दल. डायल ‘एम’वर (म्हणजे मॅन्युअलवर) नेऊन नवशिका काय करतो? कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत चाक फिरवतो. उजेड किती घ्यायचा हे तिथेही मीटरच ठरवतं. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) कॅमेरा हेच काम क्षणात करतो, आणि तोवर मुलीचं हसू निघून जात नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते: मीटर चुकतं. समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून ते हिशेब करतं, म्हणून वारकऱ्याचं पांढरं धोतर मळकट दिसतं आणि काळ्या पाषाणाची मूर्ती फिकट. पण त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं, बटण असतं. धोतराला अधिक एक, मूर्तीला उणे एक, एवढ्याने बरंच भागतं. पौर्णिमेच्या चंद्राला मात्र मॅन्युअलच बरं: अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/१००, आणि हो, आयएसओ १००.

अ‍ॅपर्चर कायम सताड उघडं? ५० एमएमच्या लेन्सने, १.८ अ‍ॅपर्चरवर, दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत एक वीतही खोली शार्प येत नाही. दोन रांगांच्या ग्रुप फोटोत मागची रांग गेलीच. १/१२५ बसलेल्या आजीला पुरतं, कबड्डीला नाही. रॉमध्ये रंग सुधारतात, थोडा उजेडही वाढवता येतो, पण हललेला चेहरा किंवा पूर्ण पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही.

भाचीला मी सांगितलंय: डायल ‘ए’वर, म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, ठेव (कॅननवर ‘एव्ही’), आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्याने कुठलं शटर आणि किती आयएसओ निवडला ते वाच. फोटो काढण्याआधीच ते आकडे अंदाजाने सांगता यायला लागले, की मग ‘एम’ला हात लाव, आणि तोही आधी एकाच खोलीत, न बदलणाऱ्या उजेडात.