एकतीस हजार टाके

निवृत्तीच्या दिवशी बँकेनं मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. लेकीनं बंगळूरहून गोधडी शिकवणाऱ्या कार्यशाळेची पावती पाठवली. सहा शनिवार, ३,५०० रुपये, साहित्य वेगळं. खाली मजकूर, ‘बाबा, आता जरा क्रिएटिव्ह काहीतरी करा.’ ३४ वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजलेल्या माणसाच्या आत एक कलावंत उपाशी बसलेला असतो, अशी तिची समजूत. माझ्या आत कुणीही बसलेलं नव्हतं. मला दुपारचं झोपायचं होतं, आणि गोधडीशी माझा संबंध तेवढ्यापुरताच होता.

कार्यशाळेत ११ बायका आणि मी. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोलात बसवून विचारलं, ‘तुमची प्रेरणा काय?’ एकीला पावसाळ्यातला ताम्हिणी घाट दिसत होता. एकीला आजीची ठिपक्यांची रांगोळी. तिसरी नुसतंच ‘निळा’ म्हणाली आणि डोळे मिटून बसली. सगळ्यांत जास्त माना तिच्यासाठी डोलल्या. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं, ‘पैसे परत मिळणार नाहीत असं पावतीवर छापलंय.’ बाईंनी फळ्यावर माझ्या नावापुढं ‘काटकसर’ असं लिहिलं आणि त्या पुढं सरकल्या.

मग गृहपाठ. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीकडून गोधडीमागची प्रेरणा समजून घ्यायची. आमच्या घरात ज्येष्ठ स्त्री आहे. वय ८१, गाव माण तालुक्यातलं, आणि मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची. तिला मुळात गोधडी हा शब्दच मंजूर नाही. ती वाकळ म्हणते.

‘आई, तू वाकळा शिवायचीस, त्यामागं प्रेरणा काय असायची?’

‘काय असायची?’

‘म्हणजे मनात काय यायचं? कशामुळं शिवावीशी वाटायची?’

आईनं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. रिटायर झालेल्या माणसांचं असं होतं, हे तिनं कुठंतरी ऐकलं असावं.

‘थंडी,’ ती म्हणाली.

मी वहीत लिहून घेतलं. थंडी.

‘आणखी काही?’

‘आकरा माणसं आन् चार वाकळा. आजून काय पायजे तुला?’

ही वही शनिवारी वाचून दाखवायची होती. बाकीच्यांनी दोन-दोन पानं आणली होती, त्यांत मायेची ऊब वगैरे होती. माझी एक ओळ वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘वा, फार मिनिमल आहे.’

त्या रात्री आईनं माळ्यावरचं बोचकं काढायला लावलं. नमुना म्हणून. आत तिची जुनी वाकळ होती. तळाला आजीचं हिरवं इरकली लुगडं, वर लाल काठाच्या पट्ट्या, आणि मध्ये बरोबर चार खाकी चौकोन. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या विजारी गुडघ्यावर आणि बुडावर विरल्या की आई बाकीचं कापड काढून घ्यायची. एका चौकोनात तर तिनं विजारीचा खिसा तसाच ठेवलाय, उघड्या तोंडाचा. लहानपणी मला वाटायचं तो वाकळेचाच असतो, सगळ्यांच्या वाकळांना खिसे असतात. आई त्यात मिश्रीची डबी ठेवायची. झोपताना हाताला लागली पाहिजे, आणि सासूला दिसता कामा नये, या दोन अटींत बसणारी घरातली ती एकमेव जागा होती.

त्या वाकळेवरून मला आणखी एक गोष्ट कळली आणि माझ्यातला बँकवाला खूश झाला. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार पदर घातले की लांबी येते पावणेसात फूट, आणि पन्हा चारेक फुटांचा असतोच. म्हणजे एक लुगडं, एक माणूस, कात्री न लावता. हल्लीच्या साडेपाच मीटरच्या साडीचे तीन पदर घातले तर सहा फूट होतात, आणि पायाच्या करंगळ्या बाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्यानं कुणी म्हटलं, त्याच्या घरात नऊवारी नेसत असणार.

हिशेबाला बसलोच होतो, तर पुढचाही करून टाकला. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर, इंचाला चार टाके, असा बाईंचा नियम. ४८ इंच गुणिले ८१ इंच. एकूण टाके ३१,१०४. दोरा जवळजवळ २०० मीटर. माझा वेग मिनिटाला पाच टाके, म्हणजे १०३ तास ४१ मिनिटं. रोज दोन तास बसलो तर ५२ दिवस. यात सुईत दोरा ओवायचा वेळ धरलेला नाही. तो धरला असता तर पुढच्या दिवाळीपर्यंत गेलो असतो. बायफोकल चष्म्यात सुईचं नेढं वरच्या काचेतून एका जागी आणि खालच्या काचेतून दुसऱ्या जागी दिसतं. मी दोरा थुंकी लावून, पिळून, तिरका कापून दोन्ही नेढ्यांत घालून पाहायचो. मग आई हात पुढं करायची, एका फटक्यात ओवून द्यायची, आणि वर काही बोलायची नाही. ते न बोलणं मला फार लागायचं.

कापडाचा प्रश्न निघाला. हिच्याकडं आहेराच्या साड्यांचा ढीग आहे, पण सगळ्या पॉलिस्टरच्या. आईनं चिमटीत धरून एकेक बाजूला टाकली. घाम पीत नाही, घडीवर घडी बसत नाही, सरकते. ‘झोपंत अंगावनं पळून जाईल ही,’ असा निकाल. सुती जुनेर पाहिजे, दोनशे वेळा धुतलेलं, मऊसूत. आमच्या घरात सुती जुनेर म्हणजे फक्त माझे शर्ट, आणि ते मी अजून घालतो.

मग मी रविवार पेठेत कापडगंजात गेलो आणि चिंध्या विकत आणल्या. कोऱ्या, एकसारख्या कापलेल्या, रंगसंगती जुळवलेल्या. ६५० रुपयांचा पुडा. घरी आणून आईसमोर ठेवला आणि चूक झाल्याचं मला त्याच क्षणी कळलं.

‘ह्ये काय?’

‘चिंध्या.’

‘कुणाच्या?’

याला उत्तर नव्हतं. कुणाच्याच नव्हत्या त्या. आईनं पुडा उलटसुलट करून पाहिला, किमतीची चिठ्ठी वाचली, हिला हाक मारली, दोघींनी मिळून परत वाचली. त्या दिवशी गावाकडच्या मामीला, आत्याला आणि लेकीला मिळून तीन फोन झाले. ‘इकत! इकत आणल्या!’ एवढंच मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं.

तरी शिवायला बसलो. जमिनीवर, कारण गोधडी टेबलावर होत नाही. तास झाला की पाय मुंग्यांच्या ताब्यात आणि कंबर कुणाच्याच ताब्यात नाही. बाईंची पद्धत अशी की टाके मध्यापासून घालत बाहेर यायचं. पडतील त्या सुरकुत्या कडेला ढकलायच्या आणि शेवटी कडा पट्टी लावून कापून टाकायच्या. आईची पद्धत नेमकी उलटी. आधी कडा दुमडून पक्क्या करायच्या आणि कडेनं फिरत फिरत आत यायचं. सुरकुती आली की तिथल्या तिथं टाक्यात जिरवायची.

‘पण आई, कडेला ढकलली तर शेवटी कापून टाकता येते.’

‘कापून टाकाया कापड कुणाच्या बापाचं?’

मी सरळ नोकरी केलेला माणूस. वरिष्ठांचं मन मोडायचं नाही हे हाडात भिनलेलं. शनिवारी मी बाईंसमोर मध्यापासून बाहेर शिवायचो, सोमवार ते शुक्रवार आईसमोर कडेपासून आत. दोन सरकारी खात्यांनी दोन्हीकडून रस्ता आणावा तसे पाचव्या आठवड्यात माझे टाके एकमेकांना भेटले. मधलं सगळं जादा कापड तिथं येऊन उभं राहिलं. गोधडीच्या मध्यावर, चारी बाजूंनी, वीतभर उंचीची गोल तटबंदी. हिनं येऊन पाहिलं, दोन बोटांनी दाबलं, आणि म्हणाली, ‘अहो, आत कुणी झोपलंय का?’

उसवायला चार दिवस गेले. त्या ३१,१०४ मध्ये हे उसवलेले टाके धरलेले नाहीत.

त्यातच एका रात्री सुई हरवली. ज्या घरात सुई हरवली आहे त्या घरात कसं राहतात हे सांगून कळायचं नाही. आम्ही सगळे चपला घालून वावरत होतो. कुणी धपकन बसत नव्हतं, सोफ्यावरसुद्धा आधी हात फिरवून मग टेकायचे. मी फ्रिजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं लोहचुंबक दोरीला बांधून गोधडीवरून फिरवलं. त्याला एक यू-पिन आणि हिचा एक केसातला आकडा मिळाला. तीन दिवस हिनं माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. चौथ्या दिवशी चतुर्थी कधी आहे ते बघायला मी दिनदर्शिकेपाशी गेलो, तर सुई एकादशीच्या चौकोनात खोवलेली. ‘सुई भुईवर ठिवत्यात व्हय?’ आई म्हणाली. ‘तवाच उचलून ठिवली म्या.’ तीन दिवस तीही चपला घालून फिरत होती, कारण बाकीचे फिरत होते.

एका शनिवारी बाईंनी जगभरच्या गोधड्या पडद्यावर दाखवल्या. मी फोटो मोबाइलवर आणून आईला दाखवले. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून नदीच्या वळणात अडकलेलं गाव आहे. पूर्वी कापसाच्या मळ्यांवर गुलाम असलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथं राहतात, आणि तिथल्या बायका शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्यात. आईनं चष्मा न लावता मोबाइल नाकाजवळ नेला. विटक्या निळ्या कापडात मधेच एक गडद तुकडा होता. ‘ही ठिगळाखालची जागा,’ ती म्हणाली. ‘गुडघ्याचं ठिगळ काढलंय. ऊन लागलेलं न्हाई तिथं.’ बाईंनी याच तुकड्याबद्दल ‘रंगांचा धाडसी संवाद’ असं काहीतरी सांगितलं होतं.

मिसुरी पेटवे नावाच्या बाईची एक गोधडी त्यात आहे, १९४२ सालची. नवरा गेल्यावर तिनं त्याचेच कामावरचे कपडे उसवून शिवली. हे सांगितल्यावर आई बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल ते वहीत लिहून घ्यावं.

‘मग? टाकून देतीय का काय?’ ती म्हणाली.

मी पुढं सांगितलं की २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर टांगल्या, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली.

‘भिताडावर?’ आईला काही ते पटलं नाही. ‘भिताडाला थंडी वाजती व्हय?’

शेवटच्या शनिवारी प्रदर्शन होतं. माझी गोधडी चौकोनी राहिलेली नव्हती. कोपरे मोजताना लोकांचा गोंधळ व्हायचा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या म्हणजे गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाची छोटी तिकोनी फुलं शिवतात, ती नसली तर कवंदी उघडी राहिली असं मानतात, हे बाईंनी शिकवलं होतं. ते मला वेळेवर आठवलं. चारी कोपऱ्यांची पापं मी फुलांखाली झाकली आणि परंपरेचा मान राखला म्हणून शाबासकीही मिळवली. ‘निळा’वाल्या ताईंची गोधडी अजून पिशवीतच होती, पण त्यांनी ती पिशवी फार सुंदर मांडली होती. माझ्या गोधडीवर बाईंनी चिठ्ठी लावली, ‘संकल्पना: काटकसर’. घरी येऊन मी खर्च मांडला. फी, पुडा, कापूस, सुया, अंगुस्तान, कंबरेचा मलम आणि ये-जा रिक्षा मिळून ८,२७० रुपये.

आईनं गोधडी पलंगावर पसरली. टाक्यांवरून बोट फिरवलं. टाका तांदळाच्या कणीएवढा असावा असं ती म्हणते. माझे सुरुवातीचे खारकेएवढे होते, शेवटचे शेंगदाण्यापर्यंत आले होते. त्याबद्दल ती काही बोलली नाही. मग ती उजव्या हाताच्या कडेनं चाचपत गेली, खालून वर आली, परत एकदा गेली.

‘खिसा कुठाय?’

३१,१०४ टाक्यांच्या हिशेबात खिसा नव्हता. ताम्हिणी घाटवालीकडंही नव्हता, फळ्यावरही नव्हता. मी कपाट उघडलं. बँकेतला निळ्या रेघांचा शर्ट काढला, छातीवर शाईचा डाग पडलेला, तरी मी दर मंगळवारी घालायचो तो. हिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कात्री आणून दिली. खिसा डागासकट कापून घेतला आणि रात्री साडेअकरापर्यंत बसून उजव्या हाताशी शिवला. मिनिटाला पाच टाके या वेगानं, पण एक इंचही वाकडा नाही, असं मला वाटलं.

सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा मी पलंगाशी जाऊन पाहिलं. रात्रीतून कधीतरी उठून तिनं माझा खिसा पुरता उसवला होता आणि परत शिवला होता. कणीएवढे टाके. आत मिश्रीची डबी होती.