डोहाळजेवणाच्या दिवशी मी गच्चीवर काय करत होते

आज डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागणार नाही. लांबलचक होणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरका.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सून सहा महिन्यांची गरोदर आहे. एकवीस वर्षांची पोर, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरून लग्न होऊन पुण्यात आलेली, अजून रिक्षात बसली की दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरून बसते. मावशींना आज एका ठिकाणी पुरणपोळ्यांची ऑर्डर होती म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात मी गेले. दवाखाना महापालिकेचा, कुठला ते विचारू नका. अडीच तास बाकावर बसलो, वजन झालं, बीपी झालं, रक्त घेऊन झालं आणि शेवटी आत नंबर लागला, तर टेबलामागच्या बाईंनी कार्ड उघडायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. "दात दाखव. मशेरी लावतेस ना? बोट बघ कसलं झालंय. पोटातलं पोर मारायचंय का?" आणि हे एवढ्या मोठ्याने की बाहेरच्या बाकावरच्या बायका माना वाकवून आत बघायला लागल्या. पोरीने ओढणी तोंडाला लावली ती रिक्षात बसेपर्यंत काढली नाही.

रिक्षात मला काय म्हणाली माहितीये? "ताई, पुढच्या टायमाला बोट चांगलं घासून येते."

सोडते म्हणाली नाही. बोट घासून येते म्हणाली.

झालं. त्या बाईंच्या आरडाओरड्यातून निघालं काय, तर एक घासलेलं बोट.

माझ्या लिस्टमधल्या निम्म्या लोकांना मशेरी माहीतच नसेल. काही जण मिश्री म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि ती भुकटी बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. भाजताना असा ठसका उठतो की शेजारच्या चार घरांना कळतं आज कुणाकडे मशेरी भाजतायत. नाव दात घासायचं, पण दात दिवसातून पाच वेळा कोण घासतं? सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवल्यावर, दुपारी कामं आटपली की, रात्री अंथरुणावर टेकायच्या आधी. ही पोर नऊ-दहा वर्षांची होती तेव्हा दाढ ठणकत होती म्हणून आजीने स्वतःच्या बोटाने लावून दिली. आता लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, कामाला हात चालत नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि मंजनावर १९९२ साली सरकारने बंदी घातली म्हणे. घातली असेल. आजीच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

आता मुद्द्यावर येते. हे मी कुठल्या तोंडाने बोलतेय ते सांगितलं नाही तर ही पोस्ट म्हणजे ढोंग आहे.

मी सिगरेट ओढायचे. कॉलेजात नाही, नोकरीला लागल्यावर. हिंजवडीला कंपनीच्या गेटबाहेर टपरी, चार वाजताचा कटिंग आणि एक सुट्टी सिगरेट. मग दोन. मग कधी सात-आठ झाल्या ते मलाही कळलं नाही. प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा आल्या त्या दिवशी पाकीट बेसिनमध्ये भिजवून फेकलं, नवऱ्याला मिठी मारून रडले आणि सगळ्यांना सांगितलं की सुटली. चौथ्या दिवशी टपरीवर होते. त्यानंतर रोज सुटायची आणि रोज लागायची. दिवसाला दोनवर आणली, एकवर आणली, त्या एकीच्या खाली जाईना. माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे, तिने नंतर कधीतरी सांगितलं की गरोदरपणात शरीर निकोटिन नेहमीपेक्षा भराभर निकाली काढतं, म्हणजे तलफ उलट लवकर येते. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! मला वाटायचं मीच नालायक आहे, जगातल्या सगळ्या बायका दोन रेघा बघितल्या की पवित्र होतात आणि मी तेवढी राहिले.

तर सातवा महिना. डोहाळजेवण. सासरी, जुना वाडावजा बंगला, वर मोठी गच्ची. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट, ते धनुष्यबाण हातात घेऊन फोटो, सगळं साग्रसंगीत. पन्नास बायका. झोपाळ्यावर बसवलंय, ओटी भरतायत, जी येते ती विचारते, काय डोहाळे लागलेत गं? चिंच का आवळा? आणि मी हसतेय, आणि डोक्यात फक्त एक गोष्ट. पर्सच्या आतल्या कप्प्यात पुदिन्याच्या गोळ्यांच्या डबीत एक सिगरेट आहे. बाथरूमला जाऊन येते म्हणाले आणि जिना चढून गच्चीवर गेले. टाकीच्या मागे. फुलांना वास लागू नये म्हणून मुकुट आणि हार काढून टाकीवर ठेवले, आणि पेटवली. अर्धी झाली असेल, बाळ आतून फिरलं. ढुशी म्हणतात ना, ती. मी तरीही उरलेली ओढली. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तो हे वाचेल. वाच.

थांबा, पाणी पिऊन आले.

माझ्या हॉस्पिटलची गंमत सांगते. प्रायव्हेट, एसी, वेटिंगमध्ये माशांची टाकी. पहिल्या व्हिजिटला डॉक्टर फॉर्म भरताना मान वर न करता म्हणाल्या, "स्मोकिंग, ड्रिंकिंग काही नाही ना?" मी म्हटलं, नाही. टिक. संपलं. नऊ महिन्यांत पुन्हा कुणी विचारलं नाही. माझे दात पांढरे, माझं बोलणं शुद्ध, माझ्या हातात लॅपटॉपची बॅग, मला कोण म्हणणार दात दाखव? आणि हिला कार्ड उघडायच्या आधी दात दाखव. तिला मारलेली हाक आणि मला विचारलेला "नाही ना?", दोन्हीचा परिणाम एकच. दोघींनी खोटं बोलायला शिकायचं. फरक इतकाच की माझं खोटं इज्जतीत झालं.

बरं, टेबलामागच्या बाईंनाही दिवसभरात शंभर पोटं तपासायची असतात, त्या तरी किती गोड बोलणार, मान्य. आणि मशेरी वाईटच आहे, त्यावर माझा वाद नाही. सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड बाळाचा ऑक्सिजन खातो, मशेरीत धूर नाही तरी निकोटिन आहेच, हिरडीतून थेट रक्तात. आपल्या मुंबईतच बाराशेच्या वर गरोदर बायकांचा अभ्यास झालेला, २००४ साली छापून आला, तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली, दिवस भरायच्या आधी होण्याचं प्रमाणही जास्त. त्यातल्या बहुतेकजणी मशेरीवाल्याच होत्या. तेव्हा उगाच कुणी कमेंटमध्ये "आमच्या आजीने लावली, तिला आठ झाली" हे लिहू नका. आठ झाली ते दिसतं, किती गेली ते आजी सांगत नाही.

माझी लेक दोन किलो चारशेची झाली. अडीचच्या खाली. डॉक्टर म्हणाल्या, काही बाळं असतात लहान. मी मान हलवली. ती आता अकरा वर्षांची आहे, झाडावर चढते, माझं डोकं खाते, ठणठणीत आहे. पण दरवर्षी तिच्या वाढदिवसाला मला ती टाकी आठवते. त्या शंभर ग्रॅमचा हिशेब कुणाकडे मागू?

आणि आता खरं चिडायचं कारण. दवाखान्याच्या गेटबाहेर त्या पोरीचा नवरा उभा होता. काय करत होता? तळहातावर तंबाखू-चुना मळत होता. त्याला कुणी म्हणालं का दात दाखव? आमच्या घरी माझा नवरा नऊ महिने गॅलरीत उभा राहून ओढत होता, दार लोटून, हा त्याचा त्याग. ती गॅलरी बेडरूमची, धूर कुठे जाणार, पडद्यात आणि माझ्या नाकात. डोहाळजेवणाला त्याच्या मित्रांनी खाली पार्किंगमध्ये उघड उघड पेटवल्या, "बाप होणार!" म्हणून पाठीवर थापा मारल्या. त्याच वेळी मी वर टाकीमागे चोरासारखी. आणि ही पोर ज्या घरात राहते तिथे दर आठ-पंधरा दिवसांनी तवा कोण चढवतं? आमच्या मावशी. ज्यांच्या हातच्या पोळ्या मी रोज खाते. त्या स्वतः लावतात, सुनेला ओरडतात आणि भाजून डबा भरून पुन्हा त्याच फळीवर ठेवतात. तिने सोडायची म्हणजे कशी? श्वास बंद करून?

चिडून लिहितेय खरं, पण मावशींवर मला चिडता येत नाही. कारण त्या गच्चीची गोष्ट अर्धीच सांगितली मी.

मी शेवटचा झुरका घेत होते आणि जिन्यात पावलं वाजली. नवऱ्याची आत्या. सत्तरीची, काठापदराची साडी, घरातली सगळ्यात कडक बाई, जिच्यासमोर आम्ही सुना पाय पसरून बसत नाही. मी सिगरेट मागे लपवली, धूर थोडाच लपतो. माझं आता काही खरं नाही असं वाटलं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं, टाकीवरच्या फुलांकडे बघितलं. मग कमरेची चपटी डबी काढली, चिमूटभर काळी भुकटी तळहातावर घेतली आणि माझ्या शेजारी टाकीला टेकून दातांवर लावत बसल्या. पाच मिनिटं दोघी गप्प. त्याही लपायलाच वर आल्या होत्या! सत्तरीला! तोंड धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "मला चार वेळेला सुटली आणि पाच वेळेला लागली. तू आता मला रोज फोन कर. ओढलीस तरी कर, नाही ओढलीस तरी कर. ओरडणार नाही." मग माझे हात स्वतःच्या पदराने पुसले, मुकुट परत डोक्यावर चढवला आणि म्हणाल्या, चल, पेढा का बर्फी राहिलंय.

बर्फी निघाली. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि आत्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या.

मी फोन केले. शेवटचे दोन महिने जवळजवळ रोज. त्या दोन महिन्यांत तीन वेळा ओढली, तिन्ही वेळा आत्यांना सांगितलं, त्या फक्त "बरं" म्हणायच्या आणि मग विचारायच्या, आज भाजी काय केलीस. ते "बरं" ऐकायला लागू नये म्हणून मी कितीतरी वेळा टपरीवरून परत फिरले. आता कुणी म्हणेल, सगळ्यांना अशी आत्या नसते. नसते, माहितीये. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. पण ज्या तंबाखूची सुट्टी पुडी आणून तव्यावर भाजतात तिच्यावर कुठला नंबर? आणि समजा मिळाला, तर दोन खोल्यांच्या घरात सासू, सासरे, दीर बसलेले असताना ती पोर फोनवर काय बोलणार?

आणि बाळंतपणानंतर? सहाव्या महिन्यात परत लागली. रात्र रात्र जागरण, दूध, रडणं, एक दिवस टपरीवर गेले आणि संपलं. पूर्ण सुटायला लेक तीन वर्षांची व्हावी लागली. म्हणून कुणी "इच्छाशक्ती हवी" म्हटलं की मला त्या माणसाला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. इच्छा होती हो. रोज सकाळी होती. चार वाजेपर्यंत टिकायची नाही.

असो. रिक्षाची गोष्ट पुरी करते. ती बोट घासून येते म्हणाली तेव्हा मी तिला टाकीमागची गोष्ट सांगितली. सिग्नलला रिक्षा थांबलेली, रिक्षावालाही आरशातून ऐकत होता, ऐकू दे. ती आधी विश्वासच ठेवेना. "तुमी? सिग्रेट?" मग तोंडावर ओढणी तशीच ठेवून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत हसली. मग बराच वेळ गप्प बसली. घराजवळ उतरताना कमरेला खोचलेली छोटी प्लास्टिकची डबी काढून माझ्या हातात दिली. "घरात अत्याबाईंचा (म्हणजे सासूचा, आमच्या मावशींचा) डबा हाय, पर त्यो मागून घ्यावा लागतो, लाज वाटती. ही जवळ असली की हात जातो. तुमच्याकडं ठेवा." मी विचारलं, आणि मागायला आलीस तर? तर म्हणाली, "तर द्या. पर ओरडू नका."

नवरा म्हणतोय कचऱ्यात टाक ती. डबी आत्ता माझ्यासमोर कीबोर्डच्या बाजूला आहे, झाकण नीट लागत नाही, घरभर तो भाजका वास सुटलाय. मी रबर लावून फ्रीजवर ठेवतेय. उद्या सकाळी मावशी पोळ्यांना आल्या की तिचा नंबर घेणार आहे, आणि मावशींशी तव्याचं कसं बोलायचं ते अजून ठरत नाहीये.