पैसे प्रशिक्षकाला दिले, मग सराव आम्ही का करायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. प्रशिक्षणाआधी घराची तयारी आणि प्रशिक्षणानंतरचा सराव या विषयावरील माझ्या लेखात मी प्रशिक्षकांच्या अपयशावर पांघरूण घातले आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. आपल्या चौदा महिन्यांच्या लॅब्राडॉरला आपण ४५ दिवस प्रशिक्षण केंद्रात ठेवलेत. परत आल्यावर तो आठ दिवस शहाण्यासारखा वागला आणि मग पुन्हा लीश (गळपट्ट्याला लावलेली दोरी) ओढू लागला, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू लागला. खाऊ देऊन शिकवणे ही लाच आहे, कुत्र्याला मालकाचा धाक हवा आणि गावाकडच्या कुत्र्यांना कधी कोणी शिकवले नव्हते, असेही आपण लिहिले आहे.

यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. केंद्राने कुत्रा परत देण्यापूर्वी घरच्या माणसांच्या हातात लीश देऊन, प्रत्येक आज्ञा त्यांच्याकडून करवून घ्यायला हवी होती. आपल्या बाबतीत ते झालेले दिसत नाही. पैसे भरण्याआधीच याविषयी विचारून घ्यावे, हे माझ्या लेखात यायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक. मात्र त्यावरून कुत्रा काही शिकलाच नव्हता, असा जो निष्कर्ष आपण काढता, तो मला पटत नाही.

कुत्रा जे शिकतो ते जागेसकट आणि माणसासकट शिकतो. केंद्राच्या मैदानावर, त्या प्रशिक्षकाच्या आवाजात आणि हाताच्या त्या विशिष्ट खुणेवर बसायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. तीच आज्ञा आपल्या सोसायटीच्या फाटकाशी, समोरून दुसरा कुत्रा येत असताना, वेगळ्या आवाजात आली की त्याच्या लेखी तो जवळजवळ नवा धडा असतो. म्हणून तोच धडा आधी दिवाणखान्यात, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये आणि सर्वांत शेवटी रस्त्यावर असा पुन्हा बसवावा लागतो, आणि हे काम घरच्यांखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

त्यात आपल्या घरांतली भाषा आणखी घोळ घालते. 'बस' हा शब्द आपण दिवसभरात किती वेळा उच्चारतो, ते मोजून पाहा: 'बस झालं', 'बस चुकली', 'जरा बस ना'. शंभरदा कानावर पडूनही ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही, तो शब्द कुत्रा ऐकेनासा होतो. म्हणूनच अनेक प्रशिक्षक 'सिट' वापरतात, त्यात इंग्रजीचा सोस नसतो. आमच्याकडे तर आई 'खाली बस' म्हणायची, मी 'सिट' म्हणायचो आणि मुलगा 'सिट डाउन' म्हणायचा. आता 'सिट' म्हणजे बसणे आणि 'डाउन' म्हणजे आडवे होणे, असे आमच्या कुत्र्याला, चिकूला, शिकवलेले होते. मुलाने हुकूम सोडला की तो आधी बसायचा, मग अर्धवट आडवा व्हायचा आणि शेवटी आमच्याच तोंडाकडे पाहत राहायचा. मठ्ठ कोण होते, हे सांगायला नको. शेवटी आज्ञांचे शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. लेखात मी ज्याला तयारी म्हटले आहे, ती मुख्यतः हीच. लसीकरण पूर्ण करणे आणि सत्राआधी पोटभर न खाऊ घालणे या गोष्टी प्रशिक्षक सांगतातच.

दुसरा अनुभव अधिक महागात पडला. चिकूच्या कानाला संसर्ग झाला होता आणि रोज औषध घालावे लागे. मी 'ये' म्हणून हाक मारायचो, तो शेपटी हलवत यायचा आणि मी त्याला धरून कानात थेंब सोडायचो. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की 'ये' ऐकताच तो पलंगाखाली जाऊन बसू लागला. प्रशिक्षकाने तीन आठवडे खपून बसवलेला तो शब्द मी स्वतः नासवला होता. मग तो सोडून 'इकडे' हा नवा शब्द अगदी पहिल्यापासून शिकवला, आणि औषधासाठी त्याला न बोलावता मीच त्याच्यापाशी जाऊ लागलो.

आता लाचेविषयी. लाच काम होण्याआधी दाखवली जाते, मोबदला काम झाल्यावर मिळतो. हातातला खाऊ आधी दाखवून बसवत राहिलात, तर आपला आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. हरभऱ्याच्या डाळीएवढा चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, तोही बसल्यानंतर लगेच, आणि सवय पक्की झाल्यावर दर वेळी न देता अधूनमधून, असा त्याचा क्रम आहे. अधूनमधून मिळणाऱ्या मोबदल्यामुळे सवय अधिक चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून दिसले. पण हाच नियम उलटही लागू पडतो. नऊ वेळा आपण लीश घट्ट धरलीत आणि दहाव्या वेळी घाईत त्याला ओढत खांबापर्यंत जाऊ दिलेत, तर ओढण्याचीच सवय चिवट होते. आपला लॅब्राडॉर नेमका हेच शिकला असावा, असे मला वाटते.

धाकाची कल्पना बरीचशी लांडग्यांवरून आलेली आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या वर्चस्वाविषयी लिहिले. पण मुक्त लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. कुत्रा तर लांडगाही नव्हे. राहिली गावाकडची कुत्री. धनगराचे कुत्रे पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढते, मोठ्या कुत्र्यांच्या मागे फिरते; त्याचे शिक्षण चोवीस तास चालू असते, फक्त त्याची फी कोणी भरत नाही. शिवाय त्याला लिफ्टमध्ये शांत उभे राहावे लागत नाही.

आपल्या लॅब्राडॉरला पुन्हा ४५ दिवस केंद्रात पाठवावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. माझ्या मते पाठवू नये. त्याच प्रशिक्षकाला तीन सत्रांसाठी घरी बोलवा आणि पहिले सत्र फाटकाशीच घ्यायला सांगा. लीश मात्र त्याच्या हातात न देता, रोज फिरवायला नेणाऱ्याच्या हातात असू द्या, मग तो घरातला असो की पगारी. दारावरच्या उड्यांसाठी पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की, चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाही. पहिले काही दिवस उड्या वाढतील, कारण आजवर चाललेला उपाय एकाएकी का चालेना, हे तो जोर लावून तपासून पाहील. तेव्हा कोणी दया येऊन त्याला कुरवाळू नये. घरी यायलाच प्रशिक्षक नकार देत असेल, तर आपली तक्रार रास्त आहे आणि उरलेले पैसे परत मागायला हरकत नाही.