शिटी हे माप नाही, आणि ‘२० मिनिटांत’ ही थाप आहे

‘एकच भांडं, तीन शिट्या, २० मिनिटांत मसालेभात!’ कामाच्या दिवशी संध्याकाळी फोन हातात घेतला की ही ओळ समोर येते आणि डोकं फिरतं. कुकरातला मसालेभात, मुगाची खिचडी, पावटेभात हे पदार्थ आठवड्यातल्या मधल्या वारी दमलेल्या घराला खरोखर तारून नेतात. म्हणूनच जास्त चीड येते. जे माणूस साडेसातला लोकलमधून उतरतं, पोराला पाळणाघरातून घेतं आणि घरी येऊन थेट ओट्यापाशी उभं राहतं, त्याच्याच हातात तुम्ही रेसिपीचे व्हिडिओ करणारे खोटं माप देता. त्याला दुसऱ्यांदा करून बघायला वेळ नसतो. भात बिघडला तोवर पावणेनऊ वाजलेले असतात, मूल पेंगायला लागलेलं असतं, आणि मग दूध-बिस्किटं नाहीतर बाहेरून मागवणं, दोनच वाटा उरतात.

हिशोब मांडून बघा एकदा. चार माणसांचा मसालेभात. वाटी १५० मिलीची धरा. दोन वाट्या तांदूळ, पंधरा तोंडली, एक मोठा बटाटा, मूठभर मटार. तोंडली धुवायची, दोन्ही टोकं उडवायची, प्रत्येकाच्या उभ्या चार फाकी करायच्या, बटाटा सोलायचा, आलं किसायचं, तांदूळ धुऊन निथळत ठेवायचे. ज्याचा हात चालतो त्यालाही यात १५ मिनिटं जातात. फोडणी आणि परतणं ६ मिनिटं. पाणी उकळतं घातलं तर पहिली शिटी यायला ५ मिनिटं, गार घातलं तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. बारीक गॅसवर ५ मिनिटं. वाफ आपोआप जिरायला १२. झाली की ४३ मिनिटं! तुम्ही भाज्या आधीच चिरून काचेच्या वाट्यांत मांडून ठेवता, वाफ जिरायची बारा मिनिटं व्हिडिओतून कापून टाकता आणि वर ‘२०’ लिहिता. पाऊण तास लागतो तर पाऊण तास लिहा. ते आधी कळलं तर माणूस घरात पाऊल टाकल्याबरोबर तांदूळ धुऊन ठेवेल, एका शेगडीवर पाणी तापत ठेवेल आणि मग हातपाय धुवायला जाईल. वेळ तिथे वाचतो.

आणि कसलं एकच भांडं? तांदूळ भिजवायला पातेलं, वाटणाला मिक्सरचं भांडं, काजू तळायला कढई, वरून ओतायच्या फोडणीला कढलं, आणि हे सगळं झाल्यावर कुकर. घासायला पाच भांडी पडली. खरंच एकाच भांड्यात करायचं असेल तर काजू कुकरातच तेलात आधी परतून ताटलीत काढता येतात, त्याच तेलात फोडणी होते. वाटण टाळून आलं किसून, मिरची उभी चिरून चालते. ओलं खोबरं वाढताना वरूनच घालायचं असतं. पण हे सांगायचं तर स्वतः भांडी घासलेली असावी लागतात.

आता शिटी. याच्याइतका सत्यानाश दुसऱ्या कशाने केलेला नाही. आतला दाब ठरावीक हद्दीपर्यंत चढला की वरचं वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, तिला आपण शिटी म्हणतो. पूर्ण दाबाला आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. शिट्या धडाधड वाजल्या म्हणून ते वाढत नाही. अन्न शिजतं ते त्या तापमानात किती मिनिटं राहिलं त्यावर. मोठ्या गॅसवर पाऊण-पाऊण मिनिटाला शिटी येते, म्हणजे तीन शिट्या दोन-अडीच मिनिटांत संपल्या. गॅस बारीक असेल तर त्याच तीन शिट्यांना दहा मिनिटंही लागतात. म्हणजे एकीच्या घरी डाळ कच्ची आणि दुसरीच्या घरी भाताची पेज, आणि दोघींनी तुमचं अक्षर न् अक्षर पाळलेलं! कुकरची रिंग सैल झाली असेल तर वाफ कडेने सुटत राहते, शिटी येतच नाही, माणूस शिटीची वाट बघत बसतो आणि आत पाणी आटून तळ करपतो. कुकरबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात साफ लिहिलेलं असतं की दाब पूर्ण चढला की आच कमी करा आणि तिथून मिनिटं मोजा. ती पुस्तिका कुणी उघडत नाही, निदान रेसिपी सांगणाऱ्यांनी तरी उघडावी की नाही? अमेरिकेत नाहीतर युरोपात इलेक्ट्रिक कुकरवर मुलांचा रात्रीचा भात करणाऱ्या मराठी घरांना तर ‘तीन शिट्या’ याचा काही म्हणजे काही अर्थ लागत नाही. तो कुकर शिटीच मारत नाही, आणि त्याचा दाब आपल्या कुकरपेक्षा थोडा कमी असल्यामुळे दोन-तीन मिनिटं जास्तच द्यावी लागतात.

पाण्याचं मापही असंच बेजबाबदार. ‘एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी’ लिहून मोकळे. कुठला तांदूळ? नवा की जुना? भिजवलेला की नुसता धुतलेला? जुना कोलम पाणी ओढतो, त्याला कुकरात दुप्पट पाणी बरोबर बसतं. इंद्रायणी मुळात चिकट, त्याला पावणेदोन पट पुरे. नव्या इंद्रायणीला दुप्पट घातलंत तर मसालेभाताचा गिच्च गोळा होणारच, आणि तो कितीही चांगला गोडा मसाला घातला तरी सुधारत नाही. तांदूळ अर्धा तास भिजवून निथळला असेल तर त्याने आधीच पाणी प्यायलेलं असतं, वाटीमागे पाव वाटी कमी करायला हवं. दुधी, टोमॅटो, फ्लॉवर स्वतःचं पाणी सोडतात, तोंडली फारशी सोडत नाहीत. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाहुणे आले म्हणून सगळंच दुप्पट करणं. बंद कुकरातून वाफेवाटे जाणारं पाणी तांदूळ दुप्पट केला म्हणून दुप्पट होत नाही. दोन वाट्यांना चार वाट्या पाणी लागत असेल तर चार वाट्यांना सात पुरतात. आठ घातलं की भात गेला. आणखी एक. तांदूळ-पाणी एकाच वाटीने मोजलं तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण सांभाळलं जातं. पण मीठ, तिखट, मसाला तुम्ही चमच्यांनी सांगता. कुणाची वाटी १०० मिलीची, कुणाची २०० ची. त्याच दोन चमचे मिठाने एकीकडे भात अळणी, दुसरीकडे खारट. वाटीचा आकार सांगायला अर्धी ओळ लागते हो, अर्धी ओळ!

डाळ आणि टोमॅटो एकदम टाकायला सांगतात तेव्हा तर हात कपाळावर जातो. तूरडाळ तशीही तांदळापेक्षा सावकाश शिजते. त्यात टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधी पडलं की आंबटपणामुळे ती आणखी हटून बसते. बोअरिंगचं जड पाणी असेल तर विचारूच नका. मग काय होतं, तर तांदूळ फुटून लगदा आणि त्यात डाळीचे दाणे खड्यासारखे दाताखाली. झाकण उघडून, डाळ बोटाने चेपून बघून पुन्हा झाकण लावलं की तांदूळ आणखी मरतो. तांदळाबरोबर एकाच वेळी शिजणारी डाळ मुगाची किंवा मसुरीची. तूरच हवी तर सकाळी निघताना नाहीतर आल्याआल्या गरम पाण्यात तासभर भिजत घाला आणि आंबट शेवटी, झाकण उघडल्यावर.

तळ लागण्याचं कारणही कुणी सांगत नाही. फोडणी झाली, टोमॅटो परतला, मसाला घातला, आणि या सगळ्याचा दाट थर कुकरच्या बुडाशी चिकटलेला असतो. त्यावर पाणी ओतून तसंच झाकण लावलं की तो थर तिथेच बसून राहतो आणि भात शिजायच्या आधी करपतो. पाणी ओतल्यावर उलथन्याची कड तळाला टेकवून सगळीकडून फिरवा. हाताला खरखर लागते ती पूर्ण निघेपर्यंत, कोपऱ्यासकट. तळ गुळगुळीत लागला की मगच झाकण. दहा सेकंदांचं काम आहे, निम्मे करपलेले कुकर यात वाचतील. इंडक्शनवर तर हे केलंच पाहिजे, कारण तिथे आच बुडाच्या मधोमध एकवटते. दूध, साय, दही झाकण लावण्याआधी घालायला सांगणाऱ्यांचं काही ऐकू नका. ते नासतं, तळाला धरतं आणि वर उतू येतं.

आणि हे वाचून अंगावर काटा येतो: ‘घाई असेल तर चमच्याने शिटी उचलून वाफ काढा.’ खिचडीच्या कुकरची? आत डाळ-तांदळाचा फेस उकळत असतो. दाब एकदम सोडला की तो फेस वाफेबरोबर नळीतून उसळून बाहेर येतो आणि समोर उभ्या माणसाच्या हातावर, तोंडावर उडतो. शेजारी पोर घुटमळत असेल तर? बारा मिनिटं वाचवायला असलं काही सांगायची हिंमत तरी कशी होते? खिचडी, डाळ, भात यांची वाफ आपोआपच जिरू द्यायची. या पदार्थांसाठी कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही आणि चमचाभर तेल किंवा तूप घालायचं, म्हणजे फेस कमी येतो आणि शिटीच्या भोकात डाळ अडकत नाही. झाकण लावण्याआधी त्या भोकातून उजेड दिसतो का तेही बघायचं.

वरणफळांचेही हाल चालवलेत. कणकेच्या चकत्या, डाळ, पाणी, सगळं एकदम घालून दोन शिट्या! चकत्या दाबाखाली एकमेकींना चिकटतात आणि एकच लगदा तळाशी बसतो. पाऊण वाटी तूरडाळ आधी शिजवून घोटा, त्याच कुकरात सहा-सात वाट्या पाणी घालून पातळ करा, गूळ-आमसूल घाला आणि खळखळ उकळी आली की दीड वाटी कणकेची फळं एकेक करून सोडा. झाकण न लावता बारा मिनिटं. कुकर एकच, पण झाकण पहिल्याच टप्प्यापुरतं.

आपल्या घरांत एका कुकरात पूर्ण जेवण करायची रीत तर कधीपासूनची आहे. कुकर लावणे म्हणजे दुसरं काय? बुडाशी दोन वाट्या पाणी, त्यात लिंबाची फोड म्हणजे ॲल्युमिनियम काळं पडत नाही, खालच्या डब्यात हळद-हिंग घातलेली डाळ, वरच्यात भात, भातावर दोन बटाटे. आच डाळीच्या डब्याला आधी लागते म्हणून डाळ खाली. पण ही रेसिपीवाली मंडळी यातलं काहीच सांगत नाहीत, नवीन नाव देऊन तीच गोष्ट बिघडवतात.

उरलेला भात ‘सकाळी डब्याला होतो’ म्हणून कुकरातच ओट्यावर ठेवायला सांगतात, तेही थांबवा. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात रात्रभर वाढतात, आणि त्यांचं विष सकाळी गरम करून जात नाही. मुलाच्या डब्यात जायचं असेल तर जेवणं झाल्याबरोबर ताटात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

खिचडी लिहायचीच असेल तर अशी लिहा. चार माणसं, १५० मिलीची वाटी, ५ लिटरचा कुकर. दीड वाटी आंबेमोहर किंवा कोलम, पाऊण वाटी मूगडाळ, दोन्ही एकत्र तीनदा धुऊन निथळा. दोन चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन मिरच्या. डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता, दीड चहाचा चमचा मीठ. मोकळी हवी तर पाच वाट्या आधणाचं पाणी, आसट हवी तर साडेसात. तळ खरवडून घ्या, झाकण लावा. मध्यम आचेवर पहिली शिटी, तिथून एकदम बारीक गॅसवर घड्याळ लावून सात मिनिटं. गॅस बंद, बारा मिनिटं हात लावायचा नाही. भाजी नसेल तर धुण्यापासून ताटात पडेपर्यंत ३५ मिनिटं. आसट खिचडी ताटात बसल्या बसल्या घट्ट होत जाते, म्हणून वाटीभर उकळतं पाणी बाजूला काढून ठेवा आणि दुसऱ्यांदा वाढताना तेच घालून सैल करा.