आत्याला आलेल्या त्या फॉरवर्डबद्दल

माझ्या आत्याने कोपऱ्यावरच्या फळवाल्या चाचांकडून पपई घेणं बंद केलंय. बारा-पंधरा वर्षं ते तिच्यासाठी पिकलेली पपई बाजूला काढून ठेवतात. कारण काय तर फॉरवर्ड: "मुसलमानांकडून खायचं काही घेऊ नका, थुंकून देणं त्यांच्या धर्मातच आहे, व्हिडिओ बघा, कोरोना त्यांनीच पसरवला, चार बायका पंचवीस पोरं."

आधी तो व्हिडिओ. टोपीवाले लोक ताटं-चमचे चाटतायत, हा "पुरावा". अरे ते दाऊदी बोहरी आहेत, आणि व्हिडिओ कोरोनाच्या आधीचा आहे, २०२० मध्ये तोच कोरोना पसरवतायत म्हणून फिरवला होता. बोहरी लोक एका मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात, चिमूटभर मिठाने सुरुवात करतात आणि शेवटी एक दाणाही वाया जाऊ देत नाहीत, म्हणून भांडं चाटून साफ करतात. आमची आजी पण ताट बोटाने पुसून खायला लावायची, अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायची. दर्ग्यात दुआ म्हणून अन्नावर फुंकर मारतात तीसुद्धा थुंकी म्हणून दाखवतात. एखाददुसरा नालायक थुंकताना खरंच सापडलाय, मान्य, त्याला पकडा ना, पण ते धर्मात सांगितलंय हे साफ खोटं आहे.

कोरोनाचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेने दिल्लीत निजामुद्दीनला एवढी माणसं जमवणं चूकच होतं आणि तिथून लागण पसरली हेही खरं. पण मुद्दाम पसरवला? आपल्याच हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात स्पष्ट म्हटलं की पेपर आणि चॅनलवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रोपगंडा चालवला, आणि त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडलं असण्याची शक्यता दिसते. आठवडेच्या आठवडे ओरडणाऱ्या चॅनलवर हा निकाल कितीजणांनी पाहिला?

पंचवीस पोरांचं तर सरकारचाच सर्व्हे सांगतो, मुस्लिम बाईमागे १९९२-९३ ला ४.४ मुलं होती ती २०१९-२१ ला २.४ वर आली. हिंदूंपेक्षा अजून थोडी जास्त आहेत, पण पंचवीस कुठे?

आत्याला व्हिडिओ परत लावून टोपीची सोनेरी कड दाखवली. "अगं बाई, हे तर बोहरी!" म्हणाली. घर बांधताना खिळे, कड्या, रंग सगळं तिने बोहऱ्याच्याच दुकानातून उधारीवर आणलं होतं. पण पपई आणायला अजून गेलेली नाही.