तिसरा मुद्दा

उपदेशाला तीन मुद्दे असावेत हा नियम आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी घालून दिला हे मला ठाऊक नाही, पण गेल्या २७ वर्षांत जे जे पाळक येथे आले त्या प्रत्येकाने तो निष्ठेने पाळला आहे. पहिला मुद्दा गायनाच्या उत्साहात चटकन येतो. दुसरा जरा लांबतो, त्यात पाळकसाहेबांच्या सेमिनरीतल्या दिवसांची एखादी आठवण असते आणि मागच्या बाकांवरच्या दोघातिघांच्या माना छातीला टेकतात. तिसऱ्या मुद्द्याविषयी मला काही सांगता येणार नाही, कारण मी डॉक्टर आहे आणि तो मी आजवर ऐकलेला नाही.

मिरजेत डॉक्टर असणे ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. कॅनडात जन्मलेले मिशनरी सर्जन विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे इस्पितळ उघडले आणि तेव्हापासून या गावाला डॉक्टरांची जी लागण झाली ती अद्याप आटोक्यात आलेली नाही. सतार आणि डॉक्टर ही आमची दोन मुख्य उत्पादने. दोन्ही तारा ताणल्याखेरीज वाजत नाहीत. मात्र गावात पावलोपावली इस्पितळ असूनही रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत उपलब्ध असणारा, फी न घेणारा आणि पळून जाऊ न शकणारा डॉक्टर एकच आहे, आणि तो देवळात शेवटच्या बाकावर बसतो.

हा शेवटचा बाक माझ्या आईला मुळीच मान्य नाही. तिचे वय ८४. तिच्या मते शेवटच्या बाकावर विश्वासात थंड पडलेले लोक बसतात, आणि शब्बाथशाळेत पाठांतराचे पहिले बक्षीस मिळवणाऱ्या तिच्या मुलाने तेथे बसावे हा तिच्या संगोपनाचा पराभव आहे. पूर्वी मी तिच्याशेजारी तिसऱ्या बाकावर बसत असे. एका रविवारी पापांगिकाराच्या प्रार्थनेनंतरच्या शांततेत माझा व्हायब्रेटवर ठेवलेला फोन बाकाच्या सागवानी फळीवर असा काही थरथरला, की त्या बाकावरचे सातही जण एकदम उठून उभे राहिले आणि ते उभे राहिले म्हणून मागची सगळी मंडळीही उभी राहिली. पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून पुढचे गायन सुरू केले. मी फोन घेऊन बाहेर गेलो. गावातल्या एका गृहस्थांना दह्यासोबत गोळी घेतलेली चालेल का, एवढेच विचारायचे होते. त्या दिवसापासून मी दाराजवळ बसतो.

दाराजवळ बसण्याचा तोटा असा, की उशिरा येणारा प्रत्येक जण आधी मला भेटतो आणि मग देवाला. एकदा सुरुवातीचे गायन चालू असताना मंडळीतल्या एका मावशींनी पिशवीतून पाकीट काढले, पाकिटातून कमरेचा एक्स-रे काढला आणि 'एवढं बघता का जरा, डॉक्टर' असे म्हणून माझ्या गायनाच्या पुस्तकावर ठेवला. उजेडाशिवाय एक्स-रे वाचता येत नाही, हे मी त्यांना खुणेने सांगितले. तेव्हा त्यांनीच तो दोन्ही हातांनी उचलून समोरच्या मोठ्या खिडकीच्या दिशेने धरला. खिडकीच्या मधोमध काचेचा क्रूस आहे. त्याची सावली नेमकी चौथ्या मणक्यावर पडली, आणि हात वर करून गायन करणाऱ्या मावशींकडे पाहून पुढच्या बाकावरच्या दोन बायकाही भक्तिभावाने हात वर करून गाऊ लागल्या. मणके झिजलेले होते. मी कडव्यांच्या मधल्या जागेत हळूहळू तसे सांगितले आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी इतकी सुंदर कडवी रचली ती बहुधा डॉक्टरांना बोलायला जागा मिळावी म्हणूनच, असे मला त्या दिवशी वाटले.

बायबल जाणणारे रुग्ण हा स्वतंत्र त्रास आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक भाऊसाहेब आहेत. त्यांचे यकृत मी गेली सहा वर्षे सांभाळतो आहे. दर वेळी दारू बंद करा म्हटले की ते पौलाने तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र काढतात, कारण त्याच्या पाचव्या अध्यायात पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असा सल्ला आहे. पौल तंबू शिवत असे, डॉक्टर नव्हता, हे मी त्यांना सांगून पाहिले. 'थोडा' म्हणजे रोजची क्वार्टर नव्हे, हेही सांगितले. त्यावर त्यांनी मूळ ग्रीक शब्दाची चौकशी केली. डॉक्टरचा मान राखा असे स्पष्ट सांगणारे बेन सिराच्या पुस्तकाचे ३८ वे प्रकरण मात्र कॅथलिकांच्या बायबलात आहे, आम्हा प्रोटेस्टंटांच्या नाही. पंथ निवडताना आमच्या पणजोबांनी ही बाब ध्यानात घ्यायला हवी होती.

माझा सगळा आधार शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकवर आहे. पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, आणि तो खरोखर धंद्यातला माणूस होता हे त्याच्या लिहिण्यावरून कळते. बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीविषयी मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो, की तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, होते नव्हते ते सगळे खर्च केले आणि गुण न येता दुखणे उलट बळावले. तीच गोष्ट लूक सांगतो तेव्हा ती कोणाकडून बरी झाली नव्हती एवढ्यावरच थांबतो. हाल आणि बळावलेले दुखणे त्याने गाळले आहे. व्यवसायबंधू असावा तर असा. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबल्यामुळे खिडकीत बसून पेंगणारा युतुख खाली पडला, हेही लूकनेच लिहून ठेवले आहे, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून पडला अशी नोंद करायला विसरलेला नाही. दुखापतीच्या केसमध्ये उंची महत्त्वाची असते.

मी ऐकू न शकलेल्या उपदेशांचा हिशोब माझ्या पत्नीकडे आहे. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने तीन रकाने आखलेले आहेत, पहिल्यात टिकल्यांची दाटी आहे, दुसऱ्यात बऱ्यापैकी वस्ती आहे आणि तिसरा रकाना रिकामा आहे. परिषदा, सासुरवाडी आणि माझी स्वतःची दुखणी वगळली तरी हजाराच्या वर रविवार होतात. घरी जेवायला बसल्यावर तिसरा मुद्दा काय होता, असे मी प्रारंभी विचारत असे. 'उपदेश पार्सल मिळत नसतो,' असे उत्तर तिने एकदा दिले आणि मटणाचा रस्सा वाढला. लॉकडाउनच्या काळात उपासना घरबसल्या फोनवर दिसू लागली तेव्हा रकाना आता भरणार अशी मला आशा वाटली होती, परंतु ज्या फोनवर उपासना दिसत होती त्याच फोनवर रुग्णांचे फोन येत होते, त्यामुळे देवळाऐवजी माझ्याच तळहातावर पाळकसाहेब अर्ध्या वाक्यात अंतर्धान पावू लागले.

मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नसे, त्यामुळे मधल्या फलाटावर हमालांनी सगळा माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. घर, देऊळ आणि दवाखाना या माझ्या तीन रुळांचे तेच आहे, फक्त हमालही मीच आहे.

नाताळात तर ही हमाली कळसाला पोहोचते. तरुण संघाने बसवलेल्या नाटकात मला एका वर्षी बाळ येशूच्या भेटीला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांपैकी एक केले होते, कारण दाढी आणि पोट दोन्ही माझे स्वतःचे होते. मला फक्त गंधरसाची डबी घेऊन बेथलेहेमला जायचे होते, पण हेरोदाच्या दरबारातून निघतानाच मला बोलावणे आले आणि मी रेशमी झगा घालून मालगाव रस्त्याला एका दम्याच्या रुग्णाकडे गेलो. रुग्णाने मला पाहून मास्कखालूनच हात जोडले, ते मला अजून आठवते. गंधरस गाडीत राहिला आणि बेथलेहेमला दोघेच पोहोचले. पाळकसाहेबांनी मोठ्या मनाने मंडळीला सांगितले, की मागी किती होते हे मत्तयाने मुळात लिहिलेलेच नाही. नाताळच्या करंज्या आणि अनारसे मात्र मला मार्चपर्यंत पुरतात, म्हणजे इतरांनी खाल्लेले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी केली की प्रत्येकाचा डिसेंबर माझ्या टेबलावर येतो.

यंदा मी ठरवले होते, की एक तरी तिसरा मुद्दा ऐकायचाच. विषय लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राचा होता, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाचा. गोष्ट मला शब्बाथशाळेपासून पाठ आहे; पाळकसाहेब तिचे काय करतात ते पाहायचे होते. पहिला मुद्दा झाला: पुत्राचे निघून जाणे. दुसरा मुद्दा आला: डुकरे राखता राखता, शेंगा तरी मिळाव्यात म्हणून तळमळता तळमळता, पुत्राचे शुद्धीवर येणे. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि 'तो शुद्धीवर आला' हे वाक्य एकदा सावकाश आणि एकदा मोठ्याने म्हटले. त्याच क्षणी माझ्या खिशात फोन थरथरला आणि पलीकडून एक मुलगी रडत म्हणाली, 'डॉक्टर, बाबांची शुद्ध हरपली हो.'

बाबा आमच्याच मंडळीतले होते. देवळाला उशीर होईल म्हणून त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि नाश्ता टाळला होता. मी पोहोचलो तेव्हा ते घामाने निथळत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा अंगाला चिकटलेला, अर्पणासाठी काढलेली पन्नासाची नोट डाव्या मुठीत घट्ट आवळलेली. शीर मिळायला वेळ लागला, कारण ती मूठ काही केल्या सुटेना. शेवटी उजव्या हातातून ग्लुकोज दिले. सिरिंज अर्धी झाली असेल नसेल, त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, 'उपदेश संपला का?'

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे पाळकसाहेबांचा सुटीचा वार. ते रक्तदाब दाखवायला आले. मी त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसवले, पाय जमिनीला टेकवायला लावले, दंडाला पट्टा बांधला आणि बोलू नका म्हणून बजावले, कारण बोलले की वरचा आकडा सहज दहाने चढतो. फोन बंद करून खणात ठेवला होता. कंपाउंडरला दार लावून घ्यायला सांगितले होते. अशी संधी पुन्हा येणार नाही हे ओळखून मीच नियम मोडला आणि विचारले, 'पाळकसाहेब, काल तिसरा मुद्दा काय होता?'

त्यांचा चेहरा उजळला आणि आकडा चढू लागला. 'तिसरा मुद्दा थोरल्या मुलाचा,' ते म्हणाले. 'जो घर सोडून कुठे गेला नाही, रात्रंदिवस राबला आणि ज्याला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा मिळाले नाही, तो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. पण तो शेवटी घरात गेला की नाही, जेवायला बसला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. गोष्ट तेथेच तुटते.'

'का लिहिले नसावे?' मी पट्ट्यातली हवा सोडत विचारले.

'तोही डॉक्टरच ना,' पाळकसाहेब बाही खाली करत म्हणाले, 'मधेच कोणीतरी बोलावले असेल.'